शिंपांचा तोडा

आमच्या गावच्या नदीला नकाशात नाव असेल, पण गावात तिला कोणी नावाने ओळखत नाही. नदी म्हणजे नदी. पुढे जाऊन ती यशोदा नदीला मिळते, आणि मिळण्याआधी आमच्या वाडीच्या टोकाला एक वळण घेऊन जराशी थबकते. तो आमचा डोह. मे महिन्यातही त्यात छातीइतकं पाणी असायचं आणि त्यात उभं राहिलं की आपल्याच पायाची नखं स्पष्ट दिसायची. हे सगळं मी 'असायचं', 'दिसायची' असं लिहिते आहे, आणि तसं लिहावं लागतं याला कारण मी आहे. मला आडवळणाने सांगता येत नाही. इतकी वर्षं शाळेत विज्ञान शिकवल्याचा परिणाम असेल.

माझं माहेर भाजीवाल्यांचं. आधी बाबांनी आणि नंतर भावाने त्या वाडीत मेथी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर, वांगी, भेंडी यांपलीकडे काही लावलं नाही. बाकी गाव कापूस आणि सोयाबीनचं. त्यांचं पीक वर्षातून एकदा घरी येतं, आमचं रोज यायचं. रोज तोडा, रोज धुणं, रोज बाजार. सकाळी उजाडलं की जुड्या डोहात बुचकळून काढायच्या, ओल्या गोणपाटात गुंडाळायच्या आणि देवळीला न्यायच्या. देवळीच्या बाजारात आमची मेथी पाहिली की गिऱ्हाईक भाव करायचं विसरतं, असं बाबा सांगायचे. त्यात थोडी बढाई होती, पण थोडीच.

डोहाच्या तळाशी शिंपा होत्या. पुस्तकात त्यांना शिंपले म्हणतात, आमच्याकडे शिंपा. अर्धं अंग गाळात रोवून, तोंड किंचित उघडं ठेवून त्या ओळीने बसलेल्या असायच्या. भाऊ माझ्याहून सात वर्षांनी मोठा. त्यानेच मला शिकवलं की पाण्यात उभं राहून अंगठ्याने गाळ चाचपायचा आणि काही कडक लागलं की बुडी मारायची. मी वर काढलेली शिंप तो हातात घेऊन बघायचा. रिकामी असली तर घरी न्यायची. तिची पाठ दगडावर घासून भोक पाडलं की त्याने कैरी सोलता येते, आणि लोणच्याच्या दिवसांत आमच्या घरी दुसरं सोलणं कोणी हातात धरत नसे. पण शिंप जिवंत असली, तोंड मिटून घेत असली, तर ती जिथून काढली त्याच भोकात पुन्हा उभी खोचून ठेवायला तो मला लावायचा. जिवंत शिंप घरी आणायची नाही. का, ते कोणी सांगितलं नाही. पुढे मी शिकले तेव्हा हा आपल्या लोकांचा भाबडेपणा, असं समजून तो प्रश्नच सोडून दिला. चार बुकं शिकलं की घरच्या माणसांना काय काय माहीत आहे ते विचारायची सवय जाते. माझी तरी गेली.

लग्न होऊन मी सेलूला आले, तिथल्या एका शाळेत लागले. लॉकडाऊनच्या काळात शाळा बंद होती आणि मोबाइल चालू होता. त्यात एके दिवशी गोड्या पाण्यातल्या मोत्यांच्या शेतीचा व्हिडिओ दिसला. मग असे व्हिडिओ आपोआपच येत राहिले. कोणी हौदात, कोणी शेततळ्यात शिंपले टांगले होते आणि कोणी त्यातून गणपतीच्या आकाराचा मोती काढून कॅमेऱ्यासमोर धरत होतं. भावाच्या वाडीत एका योजनेतून खोदलेलं शेततळं होतं, खाली प्लास्टिक अंथरलेलं. उन्हाळ्यात भाजीला पाणी देण्यापलीकडे त्याचा उपयोग नव्हता. आणि भावाची कंबर गेली होती. रोज वाकून वाकून तोडा करणाऱ्या माणसाची कंबर पन्नाशीत जातेच. मला वाटलं, त्याला असं काहीतरी मिळावं जे वर्ष-दीड वर्षातून एकदाच काढायचं. माझा हेतू वाईट नव्हता. हे मी स्वतःला इतक्यांदा सांगितलं आहे की आता त्याचाही राग येतो.

लॉकडाऊन उठल्यावर मी चार दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आले. तिथे कोकणातून आलेला एक माणूस होता. त्यांच्याकडे खाडीत दोऱ्या सोडून त्यावर कालवं आणि शिंपले वाढवतात. जेवताना तो सहज म्हणाला, "दोऱ्यांच्या खालची माती काळी पडते हो. सगळी घाण खालीच साचते ना. भरती-ओहोटी आहे म्हणून निभावतं, तरी आम्ही जागा बदलत राहतो." मी मास्तरीण, वही जवळच होती. 'खालची माती काळी पडते' हे मी लिहून घेतलं आणि वही मिटली. तो समुद्राचा प्रश्न होता. आमचं तर तळं होतं.

भाऊ पहिल्यांदा हसला. "मोती समुद्रात होते व. देवळीच्या अलीकडं समुद्र कुठी आला?"

"गोड्या पाण्यातबी होते, भाऊ. आपल्या डोहातल्या शिंपांतच होते."

त्याचं हसणं थांबलं. "म्हंजे जित्या शिंपा काढा लागतीन?"

"नदीच्याच शिंपा, नदीच्याच पाण्यात ठेवाच्या. जागा फकस्त बदलते."

या वाक्यावर मी खूश होते. वहिनी आतून चहा घेऊन आली, तो पिऊन झाला, तरी भाऊ रिकाम्या बशीकडे पाहत होता. वहिनी म्हणाली, "तुमाले पटून नाई राह्यलं तं नाई म्हना ना." त्याने बशी खाली ठेवली. मग स्वतःशीच हिशेब लावल्यासारखा म्हणाला, "म्हंजे वांग्यावानीच झालं हे. मोठी तोडली का लहानी वाढते."

"हो, तसंच," मी म्हणाले.

भाजीवाल्याचा तोड्यावर फार विश्वास असतो. वांगं असो की भेंडी, मोठं झालेलं फळ झाडावर राहू दिलं तर झाड समजतं आपलं काम झालं, आणि ते फुलायचं थांबतं. तोडत राहिलं तर देत राहतं. हे ज्ञान आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या खरं ठरलेलं आहे. कापसाच्या शेतकऱ्याला कदाचित ते सुचलंही नसतं, पण आम्हाला तेच सुचलं. शिंप म्हणजे वांगं नाही, तळहाताएवढी व्हायला तिला कित्येक वर्षं लागतात, मोठ्या शिंपाच आया असतात आणि त्याच काढल्या तर मागे लहानी येणार कुठून, हे भावाला माहीत नव्हतं. त्याने माहीत असायचं कारणही नव्हतं. मला माहीत असायला हवं होतं. निदान अर्धं तरी मला माहीतच होतं. दरवर्षी मी फळ्यावर शिंपल्याची आकृती काढून बाण दाखवत आले होते, की इकडून गढूळ पाणी आत जातं, तिकडून स्वच्छ बाहेर येतं. त्या बाणांचा आणि आमच्या डोहाचा काही संबंध असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. तरी मी हो म्हणाले.

पहिला तोडा त्या हिवाळ्यात केला. भाऊ, वहिनी आणि मी असे तिघं कमरेला ओटी बांधून पाण्यात उतरलो, भेंडी तोडायला उतरतो तसे, एका ओळीत. पाणी गार होतं. अंगठ्याने चाचपायचं, बुडी मारायची, काढायचं, ओटीत टाकायचं. लहान लागली तर तिथेच सोडायची. आम्ही मोठं फळ तेवढं घेत होतो आणि शहाणपणाने घेत होतो. दुपारपर्यंत पोती भरली. वहिनी मध्येच गाणं गुणगुणली. काठावर जाळं सुकवत बसलेल्या म्हाताऱ्याने विचारलं, "एवढ्या शिंपा कायले रे?" हा म्हातारा जन्मभर या डोहात मासे धरत आलेला.

"वाडीत लावतो," भाऊ म्हणाला.

"लावतो! शिंपा लावते काय कोनी!" म्हातारा हसला. आम्हीही हसलो.

मग घरात दवाखाना सुरू झाला. शिंप बारीक खुंटीने जरा उघडायची, आत गणपतीचा छोटा साचा सरकवायचा, औषधाच्या पाण्यात ठेवायची आणि काही दिवसांनी जाळीच्या पिशव्यांत घालून तळ्यात टांगायची. वहिनीचा हात सगळ्यांत हलका होता. तरी शिंपा मरत होत्या. सकाळी तळ्यावर गेलं की दोन-चार पिशव्यांना वास सुटलेला असायचा आणि शिंपा आ वासून पडलेल्या असायच्या. मेलेल्या काढून नदीच्या कडेच्या खड्ड्यात टाकायच्या. जागा रिकामी झाली की पुन्हा डोहात उतरायचं. असा दुसरा तोडा झाला, तिसरा झाला. तिसऱ्या वेळी अंगठ्याला मोठ्या शिंपा लागेनात, तेव्हा आम्ही मधल्या घेतल्या. त्या दिवशी वहिनी गुणगुणली नाही.

तळ्यातलं पाणी हिरवं ठेवावं लागतं. तेच शिंपांचं खाणं. त्यासाठी शेण कालवून टाकायचं, खताची मूठ टाकायची. हे सगळं मीच कागदावर लिहून दिलं होतं आणि भावाने तो कागद देवघराशेजारच्या खिळ्याला अडकवला होता. पावसाळ्यात तळं भरून वाहिलं, तेव्हा ते हिरवं पाणी पाटाने सरळ डोहात गेलं. ते कुठे जाईल हे कागदावर लिहिलेलं नव्हतं.

पहिल्या वर्षी काही कळलं नाही. दुसऱ्या हिवाळ्यात डोहाचं पाणी असं दिसायला लागलं, की जणू कोणी त्यात आधीच भाजी धुऊन गेलं आहे. तळ दिसेना. शेवाळाचे धागे काठाला लागले. दरवर्षी शिंपा खायला फट असलेल्या चोचीचे मोठे बगळे येऊन महिनाभर राहायचे. ते आले, दोन दिवस उभे राहिले आणि गेले. उन्हाळ्यात तळाचा गाळ बुडबुडे सोडायला लागला आणि दुपारी त्याचा वास वाडीपर्यंत यायचा. मेथीची जुडी बुचकळली की पानांवर बुळबुळीत थर बसायचा. देवळीच्या बाजारात एका बाईने जुडी नाकाशी नेली आणि खाली ठेवली, हे भावाने मला फोनवर सांगितलं. कोणती बाई, ते सांगितलं नाही. मग वहिनी बोअरच्या पाण्यात भाजी धुवायला लागली. ते पाणी खारट, सुकलं की पानांवर पांढरे डाग पडायचे.

गावाचंही त्या डोहावर खूप अवलंबून होतं. बायका तिथे कपडे धुवायच्या. नळ बंद पडला की काठच्या रेतीत झिरा उकरून पिण्याचं पाणी भरायच्या. त्या उन्हाळ्यात झिऱ्याचं पाणी वास मारायला लागलं, आणि पोहून आलेल्या पोरांच्या अंगाला खाज सुटायची. आमच्या ओट्यांतून काय गेलं होतं, ते गावाने पाहिलं होतं.

मोती निघाले का, असं लोक मला विचारतात. थोडे निघाले. बहुतेक गणपतींना सोंड नव्हती. ते एका डबीत आहेत.

माझी ट्यूब पेटली ती वर्गात. आठवीला शिंपल्याची आकृती काढत होते. गढूळ पाण्याचा बाण काढला, दुसरा बाण काढायला हात उचलला आणि खडू हातातच राहिला. कोकणातला तो माणूस आठवला, त्याची काळी माती आठवली. मी तब्येतीचं निमित्त करून घरी आले आणि मग रात्रंदिवस वाचत सुटले. वाचून कळलं की शिंपेची पिल्लं आधी माशांच्या कल्ल्यांना चिकटून वाढतात, मग तळाशी उतरतात. मोठ्या शिंपा गेल्या की पाणी गढूळतं, पाणी गढूळलं की मासे जातात, मासे गेले की उरलीसुरली पिल्लंही नाहीत. सगळं आधीपासून लिहिलेलं होतं. मी वाचायच्या आधी पाण्यात उतरले होते.

त्याच रविवारी मी गावी गेले. "भाऊ, उरल्या तेवढ्या परत सोडू," म्हणाले. त्याने लगेच तळ्यातल्या पिशव्या सोडल्या, घमेल्यात शिंपा घेतल्या आणि डोहात उतरला. मी काठावरून टाकायला निघाले होते, तर म्हणाला, "फेकू नको व. उभ्या लावा लागते." कंबर दुखत असलेला माणूस, पण दिवसभर बुड्या मारून, वाकून त्याने एकेक शिंप गाळात हाताने उभी खोचली. गाळ आता पिठल्यासारखा मऊ आणि काळा होता, शिंप त्यात टिकत नव्हती, आडवी व्हायची. तो पुन्हा उभी करायचा. आठ दिवसांनी वहिनीचा फोन आला. सगळ्या उघड्या पडून वर आल्या होत्या. "हे डोहाकडूनच येऊन राह्यले, पन मले काई सांगत नाईत," ती म्हणाली.

बाबा अंथरुणाला खिळले होते. त्यांना आम्ही यातलं काही सांगितलं नव्हतं. पण माणूस आयुष्यभर एक पाणी पिऊन जगला की त्याच्या जिभेला फसवता येत नाही. वहिनी पेल्याने पाणी पाजायची आणि ते तोंडात घोळवून म्हणायचे, "हे डोहाचं नोय." वहिनी म्हणायची, "डोहाचंच हाये, बाबा." ते मान हलवायचे. मी गेले की मला सांगायचे, "तू तरी आन माय. हे आनत नाईत." मी बाहेर जायची, बोअरचं पाणी पुन्हा दुसऱ्या पेल्यात घ्यायची आणि आणून द्यायची. माझ्या हातचं ते गुपचूप प्यायचे. त्यांना फरक कळत होता की नव्हता, ते मला माहीत नाही. कळत असणार.

ते गेले ऐन मे महिन्यात. दहाव्याला सगळं गाव, सगळे सोयरे डोहावर जमले. आमच्याकडे दहाव्याला नदीत बुडी मारल्याशिवाय सुतक हलत नाही. भावाने डोकं भादरलं, आणि उघड्या अंगाने तो काठावर उभा राहिला. पाण्यावर हिरवी साय होती. विधी सांगणारे गुरुजी नाकाला उपरणं लावून म्हणाले, "या पाण्यात कसं करायचं?" कोणीतरी देवळीला फोन लावला. टँकर येईपर्यंत सगळे उन्हात उभे होते. बाबांच्या दहाव्याला आम्ही नदीच्या काठावर उभं राहून टँकरच्या नळीखाली अंघोळ केली.

तेवढ्यात तो जाळंवाला म्हातारा पुढे आला. हळू आवाजातच बोलला, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "शिंपा होत्या तं पानी होतं. पोतेच्या पोते काढून नेल्या. म्या माह्या डोयानं पाह्यलं. कोनाच्या डोक्यातलं होतं हे, ते तरी सांगा."

मी बायकांत उभी होते. माझ्या तोंडाशी शब्द आले होते, अगदी दातांपर्यंत आले होते. मी चाळीस पोरांच्या वर्गाला एका आवाजात गप्प करणारी बाई, त्या क्षणी माझी दातखीळ बसली. आणि भाऊ बोलला.

"माह्याच डोक्यातलं होतं, काका. मीच काढल्या. घरचे माह्याच सांगन्यावरून पान्यात उतरले."

वहिनीने एकदाच माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहत राहिले. नळी बंद झाली, कावळ्यासाठी ठेवलेल्या पिंडाकडे सगळे वळले, आणि ती वेळ गेली. त्या दिवसापासून आजपर्यंत मी स्वतःला एकच प्रश्न विचारते. भीती कशाची वाटली? उत्तर इतकं क्षुल्लक आहे की लिहायची लाज वाटते. या लोकांनी मला लहानपणापासून हुशार म्हटलं होतं. ते त्यांच्या तोंडून काढून घेतलं जाईल, याची भीती वाटली.

गावाने भावाला वाळीत टाकलं असं म्हणता येणार नाही. हल्ली तसं कोणी उघड करत नाही. तोड्याला येणाऱ्या बायका येईनाशा झाल्या, एवढंच. लग्नाची पत्रिका आमच्या घराला वळसा घालून जायला लागली. चावडीवर तो गेला की लोकांना अचानक कामं आठवायची. 'यानं नदी इकली,' असं म्हणायचे, त्याला ऐकू जाईल इतपत दूर गेल्यावर. वाडी अर्धी पडीक पडली. भाऊ आणि वहिनी दोघंच जमेल तेवढा पालक काढतात आणि फाट्यावर विकतात. गावात त्यांच्याकडून कोणी घेत नाही.

आणि मी गेले की? मी फाट्यावर उतरले की लोक हाका मारतात. "आली का माय? भावाकडं का? जेवाले येजो आमच्याकडं." बिचारी शिकलेली पोरगी, भावाने काय करून ठेवलं, असं त्यांच्या डोळ्यांत असतं. त्यांची माया खरी आहे. म्हणूनच ती अंगाला टोचते.

यंदा भाऊबीजेला गेले. ओवाळून झालं, ताट खाली ठेवलं आणि मला राहवलं नाही. "भाऊ, त्या दिवशी मी बोलाले पायजे होतं."

त्याला कोणता दिवस ते विचारावं लागलं नाही. तो सुपारी कातरत होता. कातरून झाल्यावर म्हणाला, "तू बोलली असती तं तुह्यं माहेर गेलं असतं. तुले येनं-जानं ठेवा लागते. बाबाबी गेले." मग जरा थांबून, "मले तं इथंच राहा लागते. माह्यं गाव कुठी जाते?"

मी रडले. वहिनी उठून आत गेली. तिने मला गप्प केलं नाही, आणि त्यात तिची काही चूक नाही. तिच्या घरात वर्षभर कोणी हळदीकुंकवाला आलं नव्हतं.

त्याच दुपारी ठरवलं की आता बोलायचं. आज, जो भेटेल त्याला. भावाने मला मोटारसायकलवर बसवून फाट्यावर आणलं. तिथे आमच्या गल्लीतल्या काकू बसची वाट पाहत होत्या. लहानपणी त्यांच्या मांडीवर मी जेवले आहे. सोबत आणखी दोन बायका होत्या. काकूंनी माझी चौकशी केली, मुलाची केली, सासूच्या गुडघ्यांचीही केली. भाऊ दोन्ही हातांत माझी पिशवी धरून उभा होता. तिघींपैकी एकीनेही त्याच्याकडे पाहिलं नाही.

"काकू," मी म्हणाले, आणि वर्गात बोलते तशा मोठ्याने म्हणाले, "शिंपा काढाचं भावाच्या डोक्यात नोयतं. मी सांगतलं त्याले. मोबाइलवर मी पाह्यलं, शिकून मी आली, पान्यात त्याच्यासंगं मी उतरली. तो तं नाई म्हनून राह्यला होता. डोह म्या मारला, काकू. त्यानं नाई."

एक ट्रक गेला. त्याची धूळ खाली बसली. मग काकूंचे डोळे भरून आले. त्यांनी दोन्ही हात माझ्या गालांवरून फिरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

"पाहा व," त्या बाकीच्या दोघींना म्हणाल्या, "याले म्हंते बहीण. भावाचं पाप आपल्या डोक्यावर घेऊन राह्यली."

"नाई, काकू, खरंच..."

"समजते मले, माय. समजते." त्यांनी माझा हात थोपटला. मग वर्षभरात पहिल्यांदा त्या भावाकडे वळल्या आणि बोलल्या. "काऊन रे, एवढं करून भरलं नाई तुह्यं? आता बहिनीले असं बोलाले लावतं?"

मी काहीतरी ओरडले. काय ते आठवत नाही. त्या दोघी बायका मला शांत करायला लागल्या.

भावाने मान खाली घातली. "बस आली," तो म्हणाला, आणि माझी पिशवी दाराशी नेऊन ठेवली.